पत्रे आणि भोंगा

आपत्ती निवारणाच्या प्रकल्पांचा गावाला खरंच फायदा झाला का, हे तपासणं माझं काम. ते मी बरीच वर्षं केलं आणि नेहमी कोरड्या दिवसांत केलं. पावसाळ्यात इगतपुरीच्या पुढे गाडी रुतते, आणि मला चिखलाचा मनापासून कंटाळा. अहवालही मार्चअखेर द्यायचा असतो, त्यामुळे सबब आयती मिळायची.

डोंगराखालच्या एका पाड्यावर मी दोनदा गेलो. पहिल्यांदा, घरांवरचं गवत काढून पत्रे घातले तेव्हा. दुसऱ्यांदा, दरडीचा इशारा द्यायला शाळेवर भोंगा बसवला तेव्हा. भर दुपारी तो वाजवून पाहिला. कोंबड्या सैरावैरा पळाल्या, पार शेवटच्या घरातली म्हातारी कानावर हात ठेवून बाहेर आली. मी खूश. फॉर्मवरचं 'सर्वांना ऐकू येतो' हे सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचून त्यापुढे बरोबरची खूण केली.

त्याच म्हातारीनं आग्रहानं जेवायला बसवलं. तिची सून गरम नागलीची भाकरी वाढत होती. म्हातारी म्हणाली, "सायेब, एकदा पावसात या. पत्र्याखाली शेजारचं माणूस बोललेलं कळत नाय."

"येतो की," मी म्हणालो. फॉर्ममध्ये हे लिहायला रकाना नव्हता. समासात लिहिता आलं असतं. पण लिहिलं असतं तर पावसात पुन्हा यावं लागलं असतं, म्हणून नाही लिहिलं. याची मला लाज वाटते.

पुढच्या आषाढात डोंगराला भेग पडली. शाळेतल्या मास्तरांनी भोंगा वाजवला, अगदी वेळेवर. म्हातारी खाचरात भात लावत होती, तिला तो ऐकू आला. ती हाका मारत घराकडे धावली. सून आत, पत्र्याखाली, भाकऱ्या थापत होती. तिला भोंगाही ऐकू आला नाही आणि सासूच्या हाकाही.

वरातीमागून घोडं, तसा मी चार दिवसांनी गेलो. शेवटचं घर चिखलाखाली होतं. म्हातारी शाळेच्या खोलीत बसली होती. पाऊस कोसळत होता, आणि शाळेवरही पत्रेच. माझ्याकडे बघून तिनं काहीतरी विचारलं. मला ऐकू आलं नाही. मी सवयीनं मान डोलावली.

ती उठून जवळ आली आणि माझ्या कानाशी पुन्हा बोलली, "भोंगा समद्यांना ऐकू येतो, आसं तुमीच लिवलं व्हतं ना?"

मान आधीच डोलावून झाली होती.