खुंटीवरचा सदरा

भाऊजींचा फोन आला तेव्हा मी अकोल्याला दुकानातच होतो. "बापू, तुही ताई गेली रे... झोपेतच," एवढंच ते बोलू शकले. फोन ठेवून मी पहिलं काय केलं, तर नळाखाली कोपरापर्यंत हात चोळून धुतले, साबण न लावता. कुंदाताईकडे जायचं म्हणजे अंगाला वास नको, ही सवय इतकी मुरलेली. अमरावतीला पोचलो, तर व्हरांड्यातल्या खुंटीवर नेहमीचा पांढरा सदरा टांगलेला होता. मी शर्ट काढून तो अंगात घातला. भाऊजी दारातून पाहत होते. "आता काहून बदलवून राहिला, बापू?" म्हणाले, आणि त्यांना रडू फुटलं. आत तिच्या उशाशी कुणीतरी चांगल्या मनानं उदबत्त्यांचा अख्खा पुडा पेटवला होता. वास ओळखीचा होता... माझ्याच दुकानातून जाणारा माल. मी त्या उचलून बाहेर मातीत विझवल्या.

साबण, धुण्याची पावडर, फिनाईल, खोलीत फवारायची अत्तरं आणि उदबत्त्या यांचा माझा घाऊक व्यापार आहे. ज्यानं माझी बहीण गुदमरायची, त्यावर माझं घर चालतं. ती हृदयविकारानं गेली, वासानं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. तरी त्याआधीचं वाक्य इतके आठवडे माझ्याच्यानं लिहवत नव्हतं.

कुंदाताई माझी मावसबहीण, तिवशाजवळच्या फुलं पिकवणाऱ्या घरातली. लहानपणी शेवंतीच्या ढिगावर झोपून जायची. पुढे अमरावतीत मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवू लागली. चाळिशीनंतर तिच्या हातांची कातडी फाटायला लागली, मग वासाच्या वस्तू जवळ आल्या की दम लागायला लागला. डॉक्टरांनी पाठीवर पट्ट्या चिकटवून तपासणी केली. सुगंधासाठी वापरतात त्यातली काही रसायनं तिच्या कातडीला सोसत नव्हती. डॉक्टरांनी त्यांची नावं लिहून दिली. ताई ती घेऊन माझ्या दुकानात आली, नाकाला पदर लावून एकेक बाटली फिरवून पाहू लागली. प्रत्येकीवर घटकांच्या यादीत शेवटी एकच शब्द होता, सुगंध. "डाक्टर म्हणते हे टाळा. बाटली म्हणते सुगंध. मंग मी टाळू काय?" मी तिच्या हातातली बाटली घेऊन परत फळीवर ठेवली. मोगऱ्यातही अशी द्रव्यं असतात हे कळल्यावर फुलवाल्याच्या या लेकीनं गजराही सोडला. "फुलातलं असो का कारखान्यातलं, मले त्याचं नाव पायजे," म्हणायची.

तेव्हापासून व्हरांड्यात ती खुंटी आली. भाऊजींचे जुने सदरे रिठ्याच्या पाण्यात धुऊन तिथं टांगलेले असत, येणाऱ्यानं बदलूनच आत यायचं. मला पाहिलं की ओरडायची, "आला का अकोल्याचा बगीचा! सदरा घाल पयले, चहा मंग भेटन." एकदा तिच्या मुख्याध्यापकांना सदऱ्याची बटणं लागेनात. ते बिचारे पोट आत ओढून बसलेले आणि ताई हसू दाबायला स्वयंपाकघरात पळालेली...

तिनं सरकारी खात्यांकडे अर्ज केले. मागणं साधं होतं. सुगंधात काय आहे ते बाटलीवर लिहायला लावा, आणि जे बाधतं त्याला मर्यादा घाला. काही देशांत अशी नावं लिहावी लागतात, हे ती समोरच्याला शांतपणे सांगायची. विषय विचाराधीन आहे, अशी उत्तरं यायची. मग एकदा, ज्या कंपनीचा माल मी विकतो तिची विक्रेत्यांची बैठक अकोल्यात होती, तर म्हणाली, "मले घेऊन चाल." नाकाला ओला रुमाल लावून ती माझ्या शेजारी बसली. कंपनीच्या साहेबांचं भाषण संपताच उभी राहिली आणि सुगंधात काय काय घालता, ते विचारलं. साहेब हसून म्हणाले, "मॅडम, सुगंधाचा फॉर्म्युला हे कंपनीचं गुपित असतं." ताई म्हणाली, "गुपित तुमचं अन् खाज माही? हा कोनता हिसाब?" हॉल हसला. मी मात्र ताटलीतल्या कचोरीकडे पाहत बसलो. परतीच्या वाटेवर तिनं मला एका शब्दानं टोचलं नाही. उलट म्हणाली, "तुहा धंदा बंद कर, असं मी कधी म्हनलं का? विकनाऱ्यानं विचारलं तं ते लवकर आयकतीन, एवढंच." ... ते ऐकणं टोचण्याहून जड होतं.

मागच्या आठवड्यात तशीच बैठक पुन्हा झाली. मी आदल्या दिवशी भाऊजींकडून खुंटीवरचा सदरा मागून आणला होता. तो घालून गेलो, उभा राहिलो आणि तिचाच प्रश्न विचारला. साहेब नवे होते, उत्तर जुनंच मिळालं. तिच्यासारखं मला बोलता आलं नाही. मी म्हटलं, "गुपित तुमचं असन साहेब, पन बहीण माही होती." या वेळी कुणी हसलं नाही. मागच्या रांगेतले परतवाड्याचे एक व्यापारी उठले आणि म्हणाले, "माह्या नातवाले बी तसंच होते. सांगा ना, काय टाकता त्याच्यात?" साहेबांनी वरती कळवतो म्हणून लिहून घेतलं. एवढंच झालं.

तिथूनच अमरावतीला गेलो. व्हरांड्यात सदरा काढून खुंटीवर टांगायला लागलो, तोच भाऊजी आतून म्हणाले, "तिथं टांगू नको." त्यांनी तो हातात घेतला, नाकाशी नेला, आणि रिठे भिजत घातलेल्या बादलीकडे वळले. "हॉलचा वास लागला त्याले. पयले धुवा लागन."