काळ्या कार्डावरची पांढरी फुलं

संक्रांतीला काळं नेसतात, हे मराठी माणसाला सांगावं लागत नाही. लश्कर या आमच्या शहरात भोवती सगळी हिंदी वस्ती, तरी तिथेही हे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून तर आईच्या हातून ती चूक झाली. चूक कसली डोंबलाची!

आई मुलींच्या शाळेत हस्तकला शिकवायची. दर संक्रांतीला टोपी बाजारातून काळा जाड कागद आणायची, पांढऱ्या कागदाच्या बारीक घड्या घालून फुलं करायची आणि कार्डावर चिकटवायची. काळ्या चंद्रकळेवर हलव्याचे दागिने घालतात ना, अगदी तशी दिसायची ती फुलं. एकेका पाकळीची घडी ती नखाने दाबून घ्यायची. जुन्या मोठ्या बहनजी, म्हणजे मुख्याध्यापिका, तिचं कार्ड वर्षभर टेबलावर ठेवत.

त्या वर्षी राज्य मोडून नवं राज्य झालं. राजधानी भोपाळला गेली, तिच्यामागे वडिलांचं ऑफिस गेलं, ऑफिसमागे वडील. शाळेत नव्या मोठ्या बहनजी आल्या, लांबच्या जिल्ह्यातून. कोणाला कुठे पाठवायचं ते त्यांच्या शेऱ्यावर ठरणार होतं. वडील भोपाळला, आईची बदली तिसऱ्याच गावी, मग मी कोणाकडे राहायचं? घरात दुसरं बोलणंच नव्हतं.

संक्रांतीला आईने तिळगूळ आणि कार्ड त्यांच्यासमोर ठेवलं. मी दारातच उभी होते. कार्डाला हातसुद्धा न लावता बाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, "त्योहार के दिन काला? किसके मरने की खबर लाई हो?"

आई सांगू लागली, "जी, हमारे में संक्रांत को…" पण ऐकतंय कोण! कार्ड परत. तिळगूळही परत. अहो, तिळाने काय घोडं मारलं होतं तुमचं?

संध्याकाळी शेजारच्या काकू आल्या. "माफी मागून टाक बाई. अडला हरी…" एवढं बोलून थांबल्या. कशाची माफी? आपला सण आपल्या रीतीने केला म्हणून? मी पाय आपटले.  आईने कार्डावरची फुलं एकेक करून सोडवली, वाटीत गुलाबी रंग कालवला आणि पाकळ्यांच्या कडा बोटाने रंगवत बसली. तीच फुलं दुसऱ्या दिवशी लाल कागदावर बसली. बाई म्हणाल्या, "हाँ, अब अच्छा है." मला ते कार्ड टराटरा फाडावंसं वाटलं.

आईची बदली टळली. लोक म्हणाले, निभावलं हो! मला विचाराल तर काहीही निभावलं नाही.

पुढच्या संक्रांतीला मी तिची चंद्रकळा काढून ठेवली. "शाळेतून आल्यावर नेसते," म्हणाली. आली, चहा प्याली, भाजी निवडत बसली. मग मी स्वतः केलेलं कार्ड तिच्यापुढे धरलं. काळा कागद, पांढरी फुलं, घड्या तिनेच शिकवलेल्या. तिने एका पाकळीची घडी नखाने नीट केली. मग दाराकडे बघून पटकन म्हणाली, "आत ठेव ते. कोणी बघेल."

दार बंद होतं. घरात आम्ही दोघीच होतो.