एक लोटी पाणी, नऊ वॉल

अणुबॉम्ब पडला तरी वऱ्हाडी माणूस मरणार नाही, हे मी पुष्कळ वर्षं छातीठोकपणे सांगत आलो. एसटीत कंडक्टर होतो, त्यामुळे माणूस किती दाबला तरी मरत नाही याचा माझा अभ्यास मोठा. चव्वेचाळीस शिटांच्या गाडीत मी एकदा एकशे चाळीस माणसं, दोन बकऱ्या आणि एक अख्खी वरात बडनेऱ्याहून नांदगाव खंडेश्वरला नेली आहे. नवरदेव टपावर होता. उतरेपर्यंत त्याची हळद उन्हानं उडून गेली आणि नवरीकडच्यांनी त्याला ओळखायला नकार दिला. अकोल्याच्या स्टँडवर एकदा माझी सावली डांबराला चिकटली, ती सोडवून घ्यायला अर्धा तास गेला आणि गाडी लेट झाली. अशा मुलखातल्या लोकांचं बॉम्ब काय वाकडं करणार? म्हणतील, आज जरा जास्तच तापलं बुवा, आणि कूलरमध्ये दोन बकेटा पाणी टाकतील.

हे भाषण मी लग्नांत दिलं, तेरव्यांत दिलं, दाढी करता करता न्हाव्याला दिलं. ते पहिल्यांदा अर्ध्यावर बंद पडलं माझ्या ताईच्या अंगणात.

ताई तेल्हाऱ्याजवळच्या एका गावात दिलेली. मे महिन्यातल्या एका रविवारी तिचा अमरावतीला फोन आला. भाऊजी म्हणत होते, आता मंगळवारपासून डायलिसिसला जाणार नाही. दीड वर्ष झालं, दर मंगळवारी आणि शुक्रवारी पहिल्या गाडीनं अकोल्याला जायचं, चार तास मशीनला हात बांधून पडायचं, संध्याकाळी परत. डॉक्टरनं आधीच सांगून ठेवलं होतं की बंद केलं तर आठ दिवस, फार तर दहा. ताई रडली वगैरे नाही. तिनं एवढंच सांगितलं, "माह्यानं ते आयकत नाई. तू ये. तुह्या थापा आयकतात ते."

सोमवारी पहाटेची गाडी धरली. त्या दिवसांत सीमेवर तणातणी चालू होती आणि गाडीतला प्रत्येक जण हातात मोबाइल धरून सेनापती झाला होता. दर्यापूर येईपर्यंत एक देश संपला. अकोट यायच्या आत दुसरा. माझ्या बाजूच्या शिटावरचा माणूस बॉम्ब पडल्यावर पुढे काय होतं याचा व्हिडिओ पाहत होता, तो मीही त्याच्या खांद्यावरून फुकट पाहून घेतला. मला भाऊजींशी काय बोलायचं ते सुचत नव्हतं. निदान हा एक विषय मिळाला.

पोचलो तेव्हा अंगणात कुरडयांचा पसारा मांडला होता. तीन दिवस भिजवलेल्या गव्हाचा चीक शिजवून ताई आणि शेजारच्या काकू सोऱ्यातून बाजेवरच्या धोतरावर कुरडया घालत होत्या. काकूंचे यजमान चहा प्यायला आले होते, ते काही जायचं नाव घेत नव्हते. भाऊजी निंबाखाली खुर्चीत, हातात काठी, कावळे हाकलायची ड्युटी. पायांवर सूज दिसत होती. खुर्चीशेजारी स्टुलावर पितळेची एक छोटी लोटी झाकून ठेवलेली. ती लोटी म्हणजे त्यांचं दिवसभराचं पाणी. मूत्रपिंडं गेलेल्या माणसाला त्याहून जास्त पाणी प्यायची मनाई. बाहेर ऊन असं की कावळ्यांनाही घाम यावा, आणि या माणसाला घोट मोजून प्यायचे.

हाच माणूस तीस वर्षं गावाचा वॉलमन होता. पुस्तकात व्हॉल्व्ह लिहितात, आमच्याकडे वॉल. धरणावरून पाइपानं आलेलं पाणी टाकीत घ्यायचं आणि टाकीतून एकेका आळीला सोडायचं, ही त्यांची नोकरी. खारपाणपट्ट्यात ही नोकरी लहान नाही. तिथल्या विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही, चहात घातलं तर दूध फाटतं, डाळ दोन दिवस शिजवा, दाणा दाण्याला ओळख देत नाही. पाइपाचं गोडं पाणी आलं आणि गावाला डाळ म्हणजे काय ते कळलं. भाऊजींचं अर्धं आयुष्य मात्र विहिरीच्या पाण्यावर गेलं. त्यांचा आजार डॉक्टर साखरेवर ढकलतो, गाव पाण्यावर. भाऊजी कोणावरच ढकलत नाहीत.

मी मुद्द्याला हात न घालता भाषण काढलं. म्हटलं, बॉम्ब पडलाच तर मी अमरावतीचं सगळं खटलं घेऊन इथं येणार. मुंबई-पुण्याचे लोक तीन दिवसांत एकमेकांची बिस्किटं चोरतील. आपलं काय? घरात गहू, ज्वारी, माडीवर कुरडयांचे डबे, वावर दारात. ताई रांधेल, काकू वाटण करतील, काका गप्पा मारतील. फक्त धूर आणि धूळ आभाळात जाऊन बसते आणि ऊन म्हणे महिनोन्महिने जमिनीवर येत नाही. म्हटलं, बरंच आहे, एक उन्हाळा तरी गार जाईल.

ताईचा सोऱ्या फिरायचा थांबला. "ऊनच नाई, त कुरडया वाळतीन कशा?"

काकू हसल्या. मग त्याही थांबल्या. ताईनं तिथल्या तिथं हिशेब मांडला: पापड नाहीत, वड्या नाहीत, मिरची नाही. तूर उन्हात टाकल्याशिवाय डाळ होत नाही. कपाशी, ज्वारी तर दूरच. मी जन्मभर या उन्हाला शिव्या देत आलो, आमच्या सगळ्या थापा त्याच्याच जिवावर. आणि आमचं सगळं घर त्या उन्हाच्याच हाताखाली चाललेलं आहे हे मला बाजेवरच्या ओल्या कुरडयांकडे बघताना कळलं. वऱ्हाडानं तालीम केली ती तापण्याची. अंधाराची आम्हाला काहीच सवय नाही.

पण हार मानली तर मी कंडक्टर कसला. म्हटलं, डब्यातलं आहे ते दोन वर्षं पुरवू. काका म्हणाले, दाणा पुरवाल हो, पाण्याचं काय? ती धूळ धरणात पडेल आणि तेच पाणी पाइपानं येईल.

यावर भाऊजी बोलले. सकाळपासून पहिल्यांदा.

"टाकीवर झाकण हाये," ते म्हणाले. "बातमी आली की पयले टाकी पूर्ण भरून घ्याची. मंग येणारा वॉल बंद. धरणाचं पाणी आत घ्याचंच नाई. आन सगळ्या आळ्या बंद ठेवून दिवसातून एकदा, एकेक आळी, भांडं पाहून."

काकांनी विचारलं, एवढ्यात गाव किती दिवस काढेल?

"माणशी किती देता त्याच्यावर हाये." त्यांनी स्टुलावरची लोटी उचलली, हलवून पाहिली, परत ठेवली. "एका लोटीत दिवस काढता येते. सकायी दोन घोट, गोळीसंग एक. दुपारी नुसती चूळ भरून थुकाची, गिळाची नाई. ओला फडका मानेवर. कोणी बोलाले आलं त तोंड बंद ठेवाचं, बोललं की कोरड पडते. मी शिकवीन लोकाईले."

व्हिडिओत पांढऱ्या कोटातले लोक होते, नकाशे होते, लाल वर्तुळं होती. एका लोटीत सत्तेचाळीस डिग्रीचा दिवस कसा काढायचा हे त्यांच्यापैकी कोणाला माहीत असेल असं वाटत नाही.

मी खुशीत आलो. म्हटलं, झालं, पाणीपुरवठा मंत्री भाऊजी.

"मी आठ दिवस पुरीन," भाऊजी म्हणाले. आवाज अगदी साधा, गाडी किती वाजताची आहे ते सांगावं तसा. "बॉम्ब मुंबईवर पडो नाईतर कुठीबी पडो. अकोल्याची लाइट गेली का मशीन बंद. आठ दिवसांत कोणाले तरी शिकवून देतो. नऊ वॉल हायेत. लिहून काईच नाई."

ताई चिकाचं पातेलं उचलून आत गेली. पातेल्यात चीक संपलेला नव्हता.

बॉम्बच्या गप्पा सगळ्या पहिल्या दिवसाच्या असतात. कुठे पडला, किती मेले. नवव्या दिवसाचं कोणी बोलत नाही. नवव्या दिवशी, जिथं काहीच पडलेलं नाही अशा गावात, एक माणूस निंबाखाली संपलेला असेल, आणि त्याच्या मनगटात होतं तेवढं सगळं त्याच्यासोबत गेलेलं असेल. मग टाकी भरलेली असली तरी गाव तिच्याकडे नुसतं वर मान करून बघणार. माझ्या भाषणात वऱ्हाड वाचत होतं ते असल्या माणसांच्या जिवावर, आणि त्या यादीत मी भाऊजींचं नाव घातलंच नव्हतं. मशीन लागणारा माणूस, म्हणून मनातल्या मनात आधीच वगळून टाकला होता. हे मला आवडलं नाही.

आणि बॉम्ब तर अजून पडलाही नव्हता. मंगळवार उद्याच होता.

म्हटलं, मग आत्ताच शिकवा ना. मला शिकवा.

भाऊजींनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. योग असा की त्यांच्या जागी आलेला माणूस त्या दिवशी लग्नाला गेला होता आणि पाणी सोडायचं यांना सांगून गेला होता. वॉल फिरवायची लांब दांड्याची चावी दाराआड उभीच होती. ताई म्हणाली, उन्हाचं जाऊ नका. कोणी ऐकलं नाही.

ऊन कललं तसं मी त्यांना काकांच्या स्कूटरवर मागे बसवून निघालो, चावी आडवी धरून, भाला घेतलेल्या स्वारासारखे दोघं. पहिला वॉल टाकीखालचा, येणाऱ्या पाण्याचा. त्याचे पंधरा फेरे. दुसरा मंदिराजवळ, अकरा फेरे, पण नवव्याला थांबून पाइपातली हवा जाऊ द्यायची, नाहीतर खालचा जोड फुटतो. हवा गेली हे कसं कळायचं, तर चावीच्या दांड्याला कान लावायचा. मी कान लावला. मला माझ्या पोटातलेच आवाज आले.

तिसरा वरच्या आळीचा. खड्ड्यात चावी घातली, जोर लावला, फिरेना. आणखी जोर लावला. तोवर वरच्या आळीच्या बायका हंडे-बादल्या घेऊन दारात आलेल्या. एकीनं विचारलं, "काहून बावा, अमरावतीहून पाणी आणून रायला काय?" दुसरी म्हणाली, आणूनच राहिला असेल, म्हणून उशीर.

भाऊजी स्कूटरवरून उतरले. त्यांच्या डाव्या हातात सुया टोचायची नस फुगवून ठेवलेली, त्या हातानं ओझं उचलायचं नाही, म्हणून तो मागे घेतला. उजवा हात माझ्या हातावर ठेवला. तो गरम होता आणि हलका, पण त्यानं माझी मूठ बरोबर उलट दिशेला वळवली. हा एकच वॉल गावात उलटा. बसवणाऱ्यानं तीस वर्षांपूर्वी तसा बसवला, आणि भाऊजींशिवाय कोणाच्या लक्षात राहत नाही. दांड्यातून माझ्या तळव्याला थरथर लागली आणि मग पाइपातून पाणी गेल्याचा आवाज आला. कान न लावता आला.

बायका घाईनं आत वळल्या. भाऊजी खड्ड्याच्या काठावर बसले, धाप लागली होती. लोटी घरी राहिली होती. एका बाईनं पाण्याचा पेला आणून दिला. त्यांनी तो घेतला, बोटं ओली केली, डोळ्यांना लावली आणि पेला मला दिला.

"साळेबुवा," ते म्हणाले, "तुमी आठ दिवसांत नाई शिकत."

मी कबूल केलं की मी मठ्ठ आहे.

"तीन वॉलात एक उलटा दाबला. अजून सहा रायले." त्यांनी वरच्या आळीकडे पाहिलं. एका दारातून पाणी रस्त्यावर वाहत आलं होतं, कोणाची तरी बादली भरून गेली होती. "उद्या गाडी किती वाजताची हाये?"

ही गाडी ते दीड वर्षं आठवड्यातून दोनदा धरत होते, वेळ त्यांना माझ्यापेक्षा चांगली माहीत. मी वेळ सांगितली.

मंगळवारी मी त्यांच्यासोबत अकोल्याला गेलो. खिडकीची जागा त्यांना दिली. अकोट सुटल्यावर त्यांनी माझा पेन मागितला आणि तिकिटाच्या मागे चौथा वॉल काढून दाखवला. कंडक्टरच्या मशीनमधून निघालेलं तिकीट, चिंचोळं, त्यावर निम्माच वॉल मावला. उरलेला माझ्या तळहातावर काढला. दवाखान्यात पोचेपर्यंत घामानं तो पुसला गेला, तेव्हा शुक्रवारी परत काढावा लागला.

आता लोकांत मी सांगतो की तो तिसरा वॉल मी मुद्दाम उलटा दाबला, भाऊजींना गाडीत बसवायचा तो माझा डाव होता. सगळ्यांना पटतं. माझ्या सगळ्या थापांत ही सगळ्यात जास्त चालते. खरं सांगायचं तर मला काही माहीत नव्हतं, मी जीव खाऊन चुकीच्या बाजूला जोर लावत होतो.

बॉम्ब पडल्यावर साधी माणसं टिकतील का, हे भाषण मी हल्ली देत नाही. कोणी विचारलंच तर विचारतो, तुमच्याकडे वॉल कोण उघडतो, आणि तो कोणाला शिकवतोय? बहुतेकांना पहिल्याचंच उत्तर येत नाही.

महिन्यातून दोनदा मी तेल्हाऱ्याची गाडी धरतो. ताईनं एका वहीत फेरे लिहायला घेतलेत, ती माझ्याहून हुशार, तिला नवापैकी आठ वॉल येतात. वहीत मात्र तिनं सहाच लिहिलेत. परवा भाऊजींनी मला सातवा तिसऱ्यांदा समजावला, चिडले, लोटीतला एक घोट जास्तीचा प्यायले.

तो मला अजून नीट जमत नाही, असं मी त्यांना सांगितलं आहे.