भाव वाढवणारी

आमच्या सोसायटीसमोरच्या रिकाम्या प्लॉटच्या कुंपणाला पाठ टेकून जासई गावची एक मावशी रोज भाजीवाल्यांच्या रांगेत भाजी विकते. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. जुडी देण्याआधी ती पाणी झटकते, ते हमखास गिऱ्हाइकाच्या चपलांवर उडतं आणि तिला त्याचं काही वाटत नाही.

परवा मी भाजी घेत होतो, तेव्हा एक एजंट कोणाला तरी तो प्लॉट दाखवत होता. "भाव दुप्पट झालाय. समोरच मार्केट आहे ना."

"तो भाव मी वाढवलाय," मावशी ताठ बसून म्हणाली. "मी पयली बसले तवा इथं कुत्रा पन फिरकत नवता. माझ्यामागं बाकीच्या आल्या, मग रिक्षा, दुकानं. मालकानं नुसतं कुंपन घातलं."

एजंट हसला. "मग हिस्सा देऊ का, मावशी?"

"मला नको. सरकारनं त्या वाढलेल्या भावावर कर घ्यावा, आनि आमा बायांना बसायला ओटे बांधून द्यावे."

माझ्या फ्लॅटचा भाव वाढला, ती मी आजवर माझीच हुशारी समजत होतो.

प्लॉट बघायला आलेल्याने जाताना मेथी घेतली. मावशीने जुडी झटकली, पाणी एजंटच्या बुटांवर उडालं.

"बगा," ती मला म्हणाली, "आज भाव अजून थोडा वाढवला."