मामा जर्मनीहून येईपर्यंत

माझ्या धाकट्या मामाइतका उतावळा माणूस जव्हारच्या डोंगरांनी आधी पाहिला नव्हता, पुढेही पाहिला नसेल. पेज उकळायच्या आत हा ताट घेऊन बसायचा. त्यात कुठलीही गोष्ट रंगीत तालमीशिवाय करायची नाही, हा त्याचा बाणा. पुढे लग्न ठरलं तेव्हा त्याने आधी गोठ्याच्या खांबाला हार घालून पाहिला. गाईसुद्धा लाजल्या असतील!

संस्थान विलीन होऊन थोडीच वर्षं झाली होती. साखरशेतच्या शेतकऱ्याचा हा मुलगा मुंबईत इंजिनिअरिंग शिकत होता, आणि दोन महिने जर्मनीतले कारखाने पाहून शिकायला त्याची निवड झाली. ही बातमी घेऊन तो जव्हारपासून धावतच आला. दुसऱ्या दिवशी तालीम सुरू. बोटीवर उलट्या होऊ नयेत म्हणून तो पडवीतल्या झोपाळ्यावर बसून जेवायचा, आम्ही भाचरं झोके द्यायचो आणि निम्मं कालवण त्याच्या सदऱ्यावर जायचं. तिकडच्या थंडीची सवय हवी म्हणून भर वैशाखात घोंगडी पांघरून गावभर हिंडायचा. लोक हसायचे, पण हसता हसता सगळ्या गावालाच जर्मनीचे वेध लागले.

गप्प होती ती फक्त आजी, त्याची आई. तिकडे गेलेली मुलं परत येत नाहीत, असं कुणीतरी तिच्या कानावर घातलं होतं. आमच्याकडे नवं भात, नवी नागली आधी देवाला दाखवतात, मग सगळं घर एकत्र बसून पहिला घास घेतं. तोवर नव्याचा दाणा तोंडात घालत नाहीत. आजीने मामाला अडवलं नाही. एवढंच म्हणाली, ‘‘जा तू. पन तू आल्याबिगर मी नवं खायाची नाय.’’

मामाने दसऱ्याचा शब्द दिला. दसरा गेला, दिवाळीही गेली. त्याची बोट बिघडून वाटेत कुठल्याशा बंदरात अडकली होती, हे आम्हाला मागाहून कळलं. घरातलं जुनं धान्य संपलं. आम्हा पोरांना आजीने देवाची माफी मागून नवा भात वाढला. स्वतः मात्र भरल्या कणगीशेजारी बसून रानातले कंद उकडून खायची. तो येणार नाही, ही भीती आता आम्हालाही वाटू लागली होती.

आणि एका दुपारी तो आला, अर्थातच धावत. अंगात कोट होता, पण कोटात मामा फारसा उरला नव्हता.

‘‘तिकडं जेवाया नाय मिळालं?’’ आजीने विचारलं.

मिळत होतं की! पण आगगाडीतून त्याला गव्हाची कापणी चाललेली दिसली. म्हणजे आता पाव नव्या गव्हाचा येणार, आणि आईशिवाय नवं खायचं कसं? त्याने पावच सोडला. घरमालकीण बिचारी हात जोडायची, आणि हा उकडलेल्या बटाट्यांवर कारखाने बघत हिंडायचा. ते पीठ गेल्या वर्षीच्या गव्हाचं होतं, हे त्याला निघायच्या दिवशी कळलं.

आजीने उठून आपलं कंदांचं मडकं त्याच्यापुढे ठेवलं. मायलेक त्या मडक्याकडे बघून हसत सुटले, आणि हसता हसता आजी रडली. त्या दिवशी नव्या नागलीची भाकरी तोंडात असतानाच मामाने आम्हाला अख्खी जर्मनी सांगितली. तशी गोड भाकरी मी पुन्हा खाल्ली नाही.

गेल्या आषाढात मामा वारला. यंदा नवी नागली आली, देवाला दाखवून झाली, मामीने भाकऱ्या वाढल्या. कुणाचाच हात पुढे होईना. मामी दाराकडे बघत म्हणाली, ‘‘थांबा जरा. बोट उशिरा असंल.’’