उशीखालचा निळा खडा
परवा आईचं कपाट आवरताना तिची अंगठीची डबी उघडली, आतल्या कापसाला अजून अत्तराचा वास होता, आणि शेजारचे चाचा आठवले. निजामपुऱ्यात आमच्या भिंतीला भिंत लागून त्यांचं घर. ते बोटीवर कामाला होते. आईनं त्यांच्या मुलीचं दहावीचं गणित करून घेतलं, म्हणून त्यांनी कुठल्याशा दूरच्या बेटावरून तिच्यासाठी अंगठी आणली. खडा उथळ समुद्रासारखा निळा, त्यावर पांढऱ्या लाटा. आई हरखली. पण निळा म्हणजे नीलम, आणि नीलम सगळ्यांना मानवत नाही, म्हणून रात्र कशी जाते, स्वप्न कसं पडतं ते पारखायला तिनं तो आधी उशीखाली ठेवला. नेमकी पहाटे वीज गेली, गल्लीतले रात्रभर खडखडणारे सगळे लूम एकदम थांबले आणि त्या शांततेनं ती दचकून उठली. त्यात सकाळी दूध नासलं. अंगठी ठेवावी तर शनीची भीती, परत करावी तर चाचांचं मन मोडणार. दिवसभर घुटमळून शेवटी संध्याकाळी ती कानकोंडी होऊन त्यांच्या दारात गेली. ऐकून चाचा पोट धरून हसले. "अहो भाभी, हा नीलम नाय, लारिमार आहे. अख्ख्या दुनियेत त्या एकाच बेटावर मिळतो. तुमच्या शनीला ते बेट ठाऊक पण नसेल!" आईनं तिथंच अंगठी बोटात घातली, ती शेवटपर्यंत काढली नाही; आई गेल्यावर आम्हीच ती परत डबीत ठेवली. हे सगळं पक्कं माहीत असूनही काल मी ती उशीखाली ठेवूनच झोपले. स्वप्नात आई आली. अंगठी मला मानवली.