चमचा उलटा करणारी बाई

"चमचा उलटा करा," असं म्हणून ती स्वतःच तो उलटा करायची. दुसऱ्याच्या घरात, दुसऱ्याच्या लेकराच्या वाटीतला चमचा. त्यातलं वरण खाली सांडलं की घरच्यांकडे नुसती पाहायची. चिकटून राहिलं तर मान डोलवायची आणि पुढच्या घरी निघायची.

अकोटजवळच्या आमच्या गावात ती अंगणवाडी चालवायची. अशी एखादी बाई तुम्हीही पाहिली असेल: डोक्यावर पदर, खांद्याला पिशवी, चालणं भराभर. सगळं गाव तिला नुसतं 'बाई' म्हणायचं. ती गल्लीत शिरली की लोक वरणाला आणखी एक उकळी आणायचे, हे मी स्वतः पाहिलंय.

लेकराचं वजन चारचौघांत केलं, आकडा मोठ्याने बोलला, की नजर लागते असं आमच्याकडच्या म्हाताऱ्या मानतात. दुसरी कोणी असती तर वाद घालत बसली असती. हिने वजनकाट्याभोवती जुनं लुगडं बांधलं. आईला आणि लेकराला त्याच्या आत घ्यायची आणि आकडा फक्त आईच्या कानात सांगायची. पुन्हा एकही म्हातारी आडवी आली नाही.

आडवी आले ती मी. मी शाळेत शिक्षिका, अमरावतीत शिकलेली. बारावी झालेल्या बाईने मला काय सांगावं! माझी तनू तेव्हा दीड वर्षाची होती आणि शेजारच्या नऊ महिन्यांच्या पोराचं झबलं तिला ढगळ व्हायचं. तिचा बांधाच बारीक आहे, असं मी सांगत फिरायचे. बाईने तिचं वजन केलं, माझ्या कानाशी येऊन आकडा सांगितला आणि म्हणाली, "मॅडम, लेकरू खंगून राहिलं." मला इतका राग आला की तनूला उचलून मी तडक घर गाठलं.

संध्याकाळी बाई दारात हजर. सासूबाई तनूला वरणाचं पाणी पाजत होत्या. घट्ट वरण लेकराला जड जातं असं त्या म्हणायच्या, आणि एवढी शिकलेली मी, मलाही ते पटायचं. तळचं घट्ट मोठ्यांच्या ताटात जायचं. बाईने चमचा घेतला आणि उलटा केला. सगळं फरशीवर सांडलं.

"काहून सांडून राहिली वं बाई?" सासूबाई चिडल्या.

"मावशी, पोट हाय मुठीएवढं. पान्यानं भरलं तं जेवन कुठी मावीन? घट्ट लेकरायले द्या. पातळ मोठे पितीन."

फरशी पुसायला मी खाली वाकले आणि बराच वेळ मान वर केली नाही. भरल्या घरात, माझ्या डोळ्यांदेखत, माझी पोर उपाशी राहत होती. त्या दिवसाइतकी लाज मला कधी वाटली नाही.

आधी तिने आम्हाला अकोटला डॉक्टरकडे नेलं. आजार काही नाही म्हटल्यावर ती रोज दुपारी अंगणवाडी आटोपून घरी येऊ लागली. मऊ घट्ट खिचडी, वर चमचाभर तेल, दाण्याचं कूट. थोडं थोडं, पण दिवसातून पाच वेळा. आमच्या स्वयंपाकघरात अंडं चालत नसे. म्हणून ती ते उकडून, कुस्करून आणायची आणि सासूबाईंना बटाटा म्हणून सांगायची. सासूबाईंना सगळं कळत होतं, पण त्याही बटाटाच म्हणायच्या.

तनू घास थुंकायची. बाई थांबायची, चिमण्या दाखवायची, पुन्हा घास पुढे करायची. महिना झाला तरी फरक दिसेना, तेव्हा मी वैतागले. ती शांतपणे म्हणाली, "तुमी पोरायले एका दिवसात पाढे शिकवता काय?"

तिसऱ्या महिन्यात लुगड्याआड तिने माझ्या कानात आकडा सांगितला आणि मला हुंदकाच फुटला. बाईने पटकन माझ्या तोंडावर हात ठेवला. "हळू. नजर लागीन." नजर न मानणारी बाई!

तनू आता सातवीत आहे, माझ्या खांद्याला लागते. मागच्या वर्षी बाई अंथरुणाला खिळली, तेव्हा आम्ही दोघी भेटायला गेलो. सून तिला मुगाचं पाणी पाजत होती. डॉक्टरांनी तेवढंच द्यायला सांगितलं होतं. "मी पाजते," म्हणत तनूने वाटी घेतली आणि आमच्या घरच्या सवयीने चमचा उलटा केला. सगळं पाणी चादरीवर. पोर रडवेली झाली.

बाई हसली. मोठ्या कष्टाने म्हणाली, "असू दे, माय. पातळ मोठ्यायचंच असते."

तनूने चमचा पुन्हा भरला आणि आता नीट सरळ धरला. पंधरा दिवसांत बाई गेली. पण त्या दिवशी तिने ती वाटी संपवली.